आइसलँडची कॅम्परव्हॅन ट्रिप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आइसलँडला व्हॅन घेऊन जायचं ठरलं की सगळे साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. आधीच एक सांगते, या बेटावर प्लॅन तुम्ही करता पण शेवटचा निर्णय वारा आणि रस्ता घेतात, हे धरूनच आखणी केली तर ट्रिप खूप छान होते.

किती दिवस लागतात?

बेटाला वळसा घालणारा रस्ता म्हणजे रिंग रोड, रूट वन, साधारण १,३२० किमी. मॅपवर टाकलं तर सतरा-अठरा तासांचं ड्रायव्हिंग दिसतं आणि लोकांना वाटतं की पाच दिवसांत आरामात होईल. होतं, पण मग तुम्ही फक्त काचेतून देश बघता. इथे दर वीस मिनिटांनी थांबावंसं वाटतं, मध्येच पाऊस येतो, धबधब्यापर्यंत अर्धा तास चालायचं असतं, रात्री व्हॅनमध्येच स्वयंपाक करून आवरून झोपायचं असतं. माझ्या मते रिंग रोडला कमीत कमी आठ दिवस, दहा असतील तर उत्तम. पश्चिमेचं स्नाइफेल्सनेस द्वीपकल्प धरायचं असेल तर त्यात अजून दोन दिवस घाला, आणि वेस्टफ्योर्ड्स तर वेगळी चार दिवसांची ट्रिप समजा, तिथले रस्ते फ्योर्डच्या, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या, कडेकडेने आत जातात आणि पुन्हा बाहेर येतात, त्यामुळे समोर दिसणारं गाव गाठायला तास जातो.

पाच-सहाच दिवस असतील तर पूर्ण चक्कर मारायचा हट्ट सोडा. रेक्याविकहून दक्षिण किनाऱ्याने योकुलसारलोनच्या हिमनदी तलावापर्यंत जा, साधारण ३७५ किमी आहे, आणि त्याच रस्त्याने परत या. तोच रस्ता उलट्या दिशेने आणि वेगळ्या उजेडात अगदी नवा वाटतो, खरंच.

दिवसाला १५० ते २०० किमी हे बरं गणित आहे. आणि कुठेतरी मधे एक दिवस पूर्ण मोकळा ठेवाच, वादळात अडकलात तर तो कामी येतो.

कुठला महिना चांगला?

व्हॅनसाठी जून ते ऑगस्ट. जूनमध्ये रेक्याविकला एकवीस तासांच्या आसपास सूर्य वर असतो आणि उरलेल्या वेळातही पूर्ण अंधार होत नाही, त्यामुळे रात्री अकराला धबधब्यावर पोचलात तरी सगळं स्वच्छ दिसतं आणि गर्दी गायब झालेली असते. झोपायला मात्र डोळ्यांवरची पट्टी न्या, व्हॅनचे पडदे पुरत नाहीत.

सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मला स्वतःला फार आवडतो. गवत पिवळं-तांबडं झालेलं असतं, रात्री परत अंधार पडायला लागतो म्हणून आकाश निवळलं तर नॉर्दर्न लाइट्स दिसू शकतात, आणि डोंगरातून मेंढ्या खाली आणायचा त्यांचा रेत्तिर नावाचा सोहळा गावोगावी चालू असतो. पण महिन्याच्या मध्यापासून बऱ्याच कॅम्पसाईट बंद व्हायला लागतात आणि वादळंही वाढतात.

हिवाळ्यात व्हॅन नको. डिसेंबरात जेमतेम चार तास उजेड, रस्त्यावर बर्फ, उघड्या कॅम्पसाईट मोजक्याच. तेव्हा साधी कार आणि गेस्टहाऊस घ्या.

घड्याळाच्या दिशेने जायचं की उलट?

निघायच्या आदल्या दिवशी ठरवा. हवामान खात्याची साईट आहे, वेदुर डॉट आयएस, त्यावर पुढच्या तीन दिवसांत दक्षिण कोरडी दिसतेय की उत्तर ते बघायचं आणि कोरड्या बाजूने सुरू करायचं. म्हणूनच मी म्हणते की प्रत्येक रात्रीची जागा आधीच पैसे भरून पक्की करू नका. व्हॅन घेण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे आणि लोक तोच घालवून बसतात.

फोर बाय फोर घ्यावी लागते का?

फक्त रिंग रोड करायचा असेल आणि उन्हाळा असेल तर नाही. रिंग रोडचा शेवटचा कच्चा तुकडा २०१९ मध्ये डांबरी झाला, त्यामुळे टू व्हील ड्राइव्ह व्हॅनने सगळं नीट होतं.

फोर बाय फोर लागते ती एफ रोडसाठी. रस्त्याच्या नंबराआधी एफ असेल तर तो डोंगराळ मध्यभागातला रस्ता, त्यावर टू व्हील गाडी न्यायला कायद्यानेच मनाई आहे. हे रस्ते साधारण जूनच्या उत्तरार्धापासून एकेक करून उघडतात आणि सप्टेंबरपर्यंत चालू राहतात. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पूल नसतो, नदी गाडीसकट ओलांडायची असते, आणि नदीत गाडीचं जे नुकसान होतं ते कुठलाच नेहमीचा इन्शुरन्स भरून देत नाही. पहिल्यांदा जात असाल तर या मध्यभागातल्या लान्डमानालौगरला हायलँड बसने जा, तुम्ही खिडकीतून मजेत बघाल आणि नदीची काळजी ड्रायव्हर करेल.

अजून एक, पूर्वेकडे जीपीएस तुम्हाला ओक्सी नावाच्या ९३९ नंबरच्या रस्त्याने जायला सांगेल कारण तो बराच जवळचा पडतो. तो कच्चा आहे, चढ उभा आहे आणि वर धुकं हमखास. मोठी व्हॅन असेल तर सरळ किनाऱ्याच्या रस्त्याने जा, फ्योर्ड्स बघायला मिळतात तो वेगळा फायदा.

व्हॅनमध्ये काय काय असलंच पाहिजे?

हीटर. बाकी सगळं नंतर. इंजिन बंद असतानाही चालणारा हीटर हवा, हे बुक करताना स्पष्ट विचारा, कारण जुलैतही रात्री पाच-सहा डिग्री होऊ शकतं आणि सगळे कपडे ओले असतात. दोघांना छोटी व्हॅन पुरते पण तिच्यात उभं राहता येत नाही, पावसात पँट बदलायची म्हणजे आडवं पडून बदलावी लागते. उंच व्हॅनमध्ये आराम आहे पण ती वाऱ्यात जास्त हलते. तिसरं माणूस असेल तर सामान कुठे ठेवणार याचा विचार आधी करा, रात्री बेड उघडला की जमीन उरतच नाही. कडक सुटकेस नको, मऊ बॅगा न्या.

इन्शुरन्समध्ये काय बघायचं?

बेसिक कव्हर भाड्यातच असतं पण त्यात तुमच्या खिशातून जाणारी रक्कम मोठी असते. खडी उडून काच फुटणं हा इथला रोजचा प्रकार, त्यामुळे ग्रॅव्हल प्रोटेक्शन घ्याच. राख आणि वाळूच्या वादळाचं वेगळं कव्हर असतं, दक्षिण किनाऱ्यावर काळ्या वाळूची मोठी मैदानं आहेत आणि जोरदार वाऱ्यात ती वाळू गाडीचा रंग अक्षरशः घासून काढते. दक्षिणेकडे जाताय आणि हवामान वाऱ्याचं दिसतंय तर हेही घ्या.

वाऱ्याने उलटलेलं दार बहुतेक पॉलिसीत बसत नाही. म्हणून खालचा प्रश्न नीट वाचा. आणि गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, छत आणि टायरसकट.

वाऱ्याचं एवढं काय?

गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे करायचं. मग दार थोडंसं उघडायचं, एक हात हँडलवर आणि दुसरा दाराच्या वरच्या कडेवर घट्ट, आणि अंगाचा भार दारावर ठेवूनच बाहेर पाय टाकायचा. दोघांनी एकदम दारं उघडायची नाहीत, वारा एका दारातून आत शिरतो आणि दुसरं फाडून बाहेर निघतो, नकाशे, टिश्यू, टोपी सगळं शेतात. मागचं दार उघडण्याआधी तर दोनदा बघायचं. वाऱ्याने दार उलटं वाकलं की बिजागरी जाते, दार परत लागत नाही आणि बिल चांगलंच मोठं येतं.

अंदाजात वारा मीटर प्रति सेकंदात देतात. ३.६ ने गुणलं की किमी प्रति तास. व्हॅनसाठी पंधराच्या वर सावध, वीसच्या वर गाडी हलवू नका. झोत सरासरीपेक्षा बरेच जास्त असतात, विशेषतः डोंगराच्या पायथ्याशी, आणि उंच व्हॅन रस्त्यावरून ढकलली जाते. रस्त्याच्या कडेला इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतात, त्यावर पुढच्या पट्ट्यातला वारा दाखवतात, ते वाचत चला.

लायसन्सचं काय?

लायसन्सवर फोटो आणि रोमन लिपीत माहिती असली की ते चालतं, नाहीतर सोबत इंटरनॅशनल परमिट लागतं. वयाची आणि लायसन्स किती जुनं हवं याची अट प्रत्येक कंपनीची वेगळी असते, बुकिंगआधी वाचा. ट्रॅफिक उजव्या बाजूने चालतं आणि स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे पहिल्या दिवशी विमानातून उतरून दमलेले असताना लांब जाऊ नका. व्हिसा शेंगेनचा लागतो, तो लवकर घ्या.

व्हॅन कुठेही लावून झोपता येतं ना?

नाही! हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे. २०१५ पासूनच्या नियमाप्रमाणे कॅम्पसाईट सोडून दुसरीकडे व्हॅनमध्ये झोपायला जमीनमालकाची परवानगी लागते. पार्किंगमध्ये, धबधब्याजवळ, रस्त्याच्या कडेच्या थांब्यावर, कुठेही नाही. कोणी सोशल मीडियावर एकांतातल्या काठावर उभ्या व्हॅनचा फोटो टाकला असेल तर तो बघून जाऊ नका. तिथली माती आणि मॉस इतकं नाजूक आहे की एकदा चाकाखाली आलं की भरून यायला अनेक वर्षं, कधी कधी दशकं जातात. रस्ता सोडून गाडी घालणं हा तर गुन्हाच आहे आणि दंड जबरदस्त आहे.

मग कॅम्पसाईट आधी बुक करायची?

बहुतेक ठिकाणी गरज नाही. संध्याकाळी जाऊन जागा धरायची, ऑफिस बंद असलं तरी लावायची, मग रात्री किंवा सकाळी कोणीतरी छोट्या गाडीतून येतं, काचेवर टकटक करतं, कार्डचं मशीन पुढे धरतं आणि पावती देतं. ती काचेला चिकटवायची. दर माणशी असतो, साधारण दोन ते तीन हजार क्रोना, आणि बऱ्याच ठिकाणी शॉवरचे वेगळे. रेक्याविक आणि स्काफ्ताफेलसारख्या गर्दीच्या जागा मात्र जुलैत आधी बघून ठेवा.

कॅम्पिंग कार्ड नावाचा प्रकार आहे, एका कार्डावर दोन मोठी माणसं आणि चार मुलं, २८ रात्रींपर्यंत. पण सगळ्या साईट त्यात नाहीत. आधी तुमच्या रस्त्यावरच्या साईट यादीत शोधा आणि मगच हिशेब करा, आठवड्याच्या ट्रिपला कधी कधी परवडत नाही.

आवडीच्या सांगायच्या तर स्कोगाफॉसच्या अगदी पायथ्याशी असलेली, रात्रभर ६० मीटरवरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज. सेल्यालान्ड्सफॉसजवळची हाम्रागार्दार, तिथून दोन पावलांवर कपारीत लपलेला ग्ल्युफ्राबुई धबधबा आहे. आणि उत्तरेला आस्बिर्गी, घोड्याच्या नालेसारख्या कड्याच्या आत, वारा लागत नाही आणि आत बर्चची झाडं आहेत, जी या देशात फार कमी बघायला मिळतात.

कॉमन किचन असेल तर तिथे एक फळी बघा. घरी परतणारे लोक उरलेला पास्ता, मीठ, तेल, अर्धी गॅसची बाटली तिथे ठेवून जातात. विमानतळाजवळच्या आणि रेक्याविकच्या साईटवर तर पहिल्या दिवसाचं अर्धं सामान तिथेच मिळून जातं. तुम्हीही परत जाताना ठेवा.

रस्त्यावर काय वेगळं आहे?

एकेरी पूल. बोर्डवर एइनब्रेइद ब्रू लिहिलेलं असतं, म्हणजे एका वेळी एकच गाडी. जो पुलाच्या जास्त जवळ तो आधी जातो. पण हा नियम धरून घुसू नका, लांबूनच वेग कमी करा, समोरचा थांबतोय का बघा, शंका आली तर आपण थांबा. दक्षिणेला हे पूल लांबलचक आहेत.

चढावर ब्लिंदहाइद असा बोर्ड दिसला की पलीकडचं दिसत नाही, उजवीकडे चिकटून चला. डांबर संपून खडी सुरू होते तिथे बरेच अपघात होतात, लोक त्याच वेगात खडीवर येतात आणि गाडी घसरते. मर्यादा डांबरीवर ९०, खडीवर ८०, गावात ५०. दिवे दिवसाही चालू ठेवायचे. दोन लेनच्या राउंडअबाउटमध्ये बाहेर पडताना आतल्या लेनवाल्याचा हक्क आधी असतो, हे रेक्याविकमध्ये लक्षात ठेवा.

मेंढ्या उन्हाळाभर मोकाट असतात. आई एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं तर थांबायच्या तयारीत राहा, कोकरू पळणार ते आईकडेच.

आणि कृपा करून फोटोसाठी रस्त्यातच गाडी थांबवू नका. रिंग रोडला बऱ्याच ठिकाणी कडेला जागाच नाही, मागून ९० च्या वेगाने ट्रक येत असतो.

डिझेल, टोल, पार्किंग?

पंप बहुतेक सेल्फ सर्व्हिस, एन-वन, ओर्कान, ओलिस वगैरे. कार्डाला चार आकडी पिन हवाच. टाकी फुल निवडली की मशीन आधी मोठी रक्कम अडवून ठेवतं, नंतर सोडतं, घाबरू नका. अर्धी टाकी झाली की भरा, विशेषतः हॉफ्न ते एगिल्सस्ताडिर आणि पुढे उत्तरेच्या मिवात्न तलावापर्यंत वस्ती विरळ आहे.

रिंग रोडवर टोल एकच, अकुरेरीजवळचा वाद्लाहेदी बोगदा. तिथे नाका नाही, कॅमेरा नंबर टिपतो, ऑनलाइन भरायचा. नाही भरला तर बिल भाड्याच्या कंपनीकडे जातं आणि ते स्वतःची फी लावून तुम्हाला पाठवतात. पैसे वाचवायचे तर जुना घाटरस्ता आहे, हवा चांगली असेल तर तोच सुंदर आहे. पार्किंगलाही आता बऱ्याच ठिकाणी हीच पद्धत आहे, थिंगवेल्लिर, स्काफ्ताफेल, योकुलसारलोन. पार्का ॲप उतरवून ठेवा. कॅश कुठेच लागत नाही.

खाण्यापिण्याचं?

बाहेर खाणं महाग आहे. बोनुस, डुकराच्या लोगोवालं, आणि क्रोनान ही स्वस्त दुकानं, पण ती संध्याकाळी लवकर बंद होतात आणि लहान गावांत नसतात. सेल्फॉस, हॉफ्न, एगिल्सस्ताडिर, अकुरेरी इथे सामान भरून घ्या. स्किर भरपूर घ्या, घट्ट चक्क्यासारखं असतं आणि पोट भरतं. शाकाहारी लोकांनी डाळ, तांदूळ, मसाले, छोटा कुकर सोबत ठेवावा, एका शेगडीवर सगळं होतं. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं थंड पाणी उत्कृष्ट असतं. गरम पाण्याला मात्र बऱ्याच ठिकाणी गंधकाचा वास येतो, ते जमिनीतून येतं, आंघोळीला चालतं पण प्यायला थंड नळच उघडा.

आंघोळीची सोय?

गावचा स्विमिंग पूल. जवळजवळ प्रत्येक लहान गावात गरम पाण्याचा उघडा पूल आणि हॉट टब असतो आणि नावाजलेल्या लगूनच्या, म्हणजे पर्यटकांच्या मोठ्या गरम पाण्याच्या तलावांच्या, मानाने तिकीट अगदी कमी. पाण्यात उतरण्याआधी कॉमन शॉवरखाली कपडे न घालता साबणाने आंघोळ करणं सक्तीचं आहे, कारण पाण्यात क्लोरीन कमी टाकतात. पहिल्यांदा अवघड वाटतं पण तिथे कोणी कोणाकडे बघत नाही. दिवसभर पावसात भिजून आल्यावर बाहेर आठ डिग्री आणि तुम्ही गळ्यापर्यंत गरम पाण्यात, शेजारी गावातली आजी-आजोबा गप्पा मारत बसलेत. आइसलँडची माणसं भेटायची असतील तर ती इथेच भेटतात, धबधब्यावर सगळे पर्यटकच.

खरा धोका कुठे आहे?

रेनिसफ्यारा, विकजवळचा काळा किनारा. तिथे लाटा शांत दिसतात आणि मग अचानक एक लाट बरीच वर येते आणि माणसाला ओढून नेते. लोक गेले आहेत तिथे. पार्किंगजवळ दिव्यांचा बोर्ड आहे, लाल असेल तर खाली जायचं नाही, बाकी वेळीही समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही आणि मुलांचा हात सोडायचा नाही. योकुलसारलोनच्या बर्फाच्या तुकड्यांवर चढू नका. मिवात्नजवळच्या ह्वेरिरला उकळत्या चिखलाजवळ दोरी ओलांडू नका, फिकट रंगाची जमीन वरून घट्ट दिसते पण खाली पोकळ आणि उकळती असते.

रस्ता बंद झाला तर?

थांबायचं. दुसरा उपाय नसतो, कारण दक्षिणेला एकच रस्ता आहे. जुलै २०११ मध्ये हिमनदीखालच्या पुराने मुलाक्विस्ल नदीवरचा पूल वाहून गेला होता, तात्पुरता पूल बांधायला आठवडा लागला. एवढं क्वचितच होतं, पण वाऱ्याने काही तास किंवा एक दिवस रस्ता बंद होणं नेहमीचं आहे. हवामानाचा इशारा पिवळा, केशरी, लाल असा येतो. पिवळ्यात व्हॅनने विचार करून, केशरीत नाही. रोज सकाळी रस्त्यांची साईट उम्फेर्दिन डॉट आयएस आणि सेफट्रॅव्हल डॉट आयएस बघितल्याशिवाय चावी फिरवू नका. इमर्जन्सी नंबर ११२, त्याचं ॲपही घ्या, बटण दाबलं की तुमचं लोकेशन जातं.

ज्वालामुखीचंही विचारतात. डिसेंबर २०२३ पासून ग्रिंदाविक गावाजवळ अनेकदा उद्रेक झाले, पण ते रेक्यानेस द्वीपकल्पाच्या एका भागापुरते राहिले. तो भाग टाळा, सूचना वाचा, बाकी ट्रिप चालू राहते.

वेळ कमी पडला तर काय गाळू?

गोल्डन सर्कल शेवटी ठेवा, थिंगवेल्लिर, गाइसिर, गुल्फॉस हे एका लांब संध्याकाळीही होतं आणि सात नंतर बसेस निघून जातात. पण पूर्वेचे फ्योर्ड्स आणि मिवात्न घाईत उरकू नका. सगळे दक्षिणेला चार दिवस घालवतात आणि मग उत्तर दोन दिवसांत पळवतात, देत्तिफॉस बघायला दहा मिनिटं देतात. तिथे सुमारे १०० मीटर रुंद राखाडी पाणी ४४ मीटर खाली कोसळतं आणि पायाखालचा दगड थरथरतो, तो हाताने जाणवतो, जरा टेकून बसा. मिवात्नला जूनमध्ये चिलटांचे ढग असतात, चावरी कमी पण नाकातोंडात जातात, डोक्यावरची जाळी न्या.

व्हॅन परत करताना?

शेवटची रात्र विमानतळापासून तासाभरात काढा, लांबून पहाटे पळत येऊ नका. टाकी केफ्लाविकच्या पंपावर भरा आणि पावती ठेवा. बऱ्याच पंपांवर गाडी धुवायचे ब्रश फुकट असतात, चिखल काढून टाका म्हणजे ओरखड्यांवरून वाद होत नाही. कचरा आणि वापरलेलं पाणी कॅम्पसाईटवरच रिकामं करा, गॅसच्या बाटल्या विमानात नेता येत नाहीत, त्या त्या किचनच्या फळीवर ठेवा, आणि परत एकदा चारी बाजूंनी व्हिडिओ काढा.